एक पडदा, चार डोकी : मुलांच्या एकत्र शिकण्याची पन्नास वर्षे

सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा प्रथम संकोच वाटला. माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे आणि उभे आयुष्य कापडाच्या दुकानातील गादीवर गेलेले. शिक्षणशास्त्रावर लिहिण्याचा अधिकार माझा नाही. परंतु गेल्या वर्षी आपल्या ट्रस्टच्या बैठकीत निघालेला एक विषय काही केल्या मनातून जाईना. आपल्या अभ्यासिकेत येणाऱ्या चाळीस मुलांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र टॅब्लेट घेऊन द्यावा, की मोजकीच यंत्रे घेऊन मुलांना ती एकत्र वापरू द्यावीत, असा तो प्रश्न होता. एका उदार दात्याने पूर्ण खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती. ‘प्रत्येकाला एक’ या बाजूने सर्वांत मोठ्या आवाजात मीच बोललो होतो, हे त्या बैठकीस उपस्थित असलेल्यांना आठवत असेल. निर्णय पुढे ढकलला गेला. त्या अवधीत मी या विषयावर जमेल तेवढे वाचले, विचारले आणि माझे मत बदलले. ते का बदलले, हे सांगण्यासाठी या विषयाचा इतिहासच वाचकांपुढे ठेवतो.

उपग्रह आणि गावचा दूरदर्शन संच

आपल्या ट्रस्टची स्थापना झाली त्याच सुमारास भारतात एक मोठा शैक्षणिक प्रयोग घडत होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ या उपग्रहाच्या साहाय्याने देशातील सुमारे २,४०० गावांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचवण्यात आले. ‘साइट’ या संक्षिप्त नावाने हा प्रयोग ओळखला जातो. आंध्र प्रदेश, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान ही सहा राज्ये त्यासाठी निवडली होती. महाराष्ट्राचा त्यांत समावेश नव्हता, तरी मुलांसाठीच्या विज्ञानविषयक कार्यक्रमांची निर्मिती मुंबईत होत असे.

या प्रयोगाची कल्पना डॉ. विक्रम साराभाई यांची. अहमदाबादच्या गिरणीमालक जैन कुटुंबात १२ ऑगस्ट १९१९ रोजी जन्मलेल्या या शास्त्रज्ञाचे नाव आपण अवकाश संशोधनासाठी घेतो. पण १९४७ साली कापड उद्योगासाठी ‘अटिरा’ ही संशोधन संस्था उभी करण्यातही त्यांचाच पुढाकार होता, हे आम्हा कापडवाल्यांना विशेष अभिमानाचे आहे. दूरदर्शन प्रथम शहरांत आणि मग सवडीने खेड्यांत, हा क्रम त्यांना मान्य नव्हता. जिथे शिक्षक कमी आणि रस्ते नाहीत, तिथेच उपग्रह आधी उपयोगी पडावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९६९ साली अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेशी करार झाला. दुर्दैवाने ३० डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी साराभाईंचे निधन झाले. आपण लावलेले रोप वाढलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक प्रा. यशपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रयोग तडीस नेला.

एका गावात संच एकच. तो शाळेत किंवा पंचायतीच्या जागेत ठेवलेला. छपरावर किंवा अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा तारेच्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री. वीज नसेल तिथे संच बॅटरीवर चाले. सकाळी शाळेतील मुलांसाठी आणि सायंकाळी मोठ्यांसाठी कार्यक्रम असत. त्याच काळात सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षणही देण्यात आले. म्हणजे नुसता पडदा पाठवून योजनाकार थांबले नाहीत. पडद्यासमोर बसलेल्या मुलांच्या शेजारी कोण बसणार, याचाही विचार त्यांनी केला होता. एक पडदा, त्यासमोर गावातील सारी मुले आणि जवळ एक जाणते माणूस ही रचना वाचकांनी कृपया लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

वर्ष संपले आणि उपग्रह भारताच्या आकाशातून दुसरीकडे नेण्यात आला. पुढे आपला स्वतःचा ‘इन्सॅट-१ बी’ १९८३ साली कार्यरत झाला. तोवर घरोघरी दूरदर्शन संच येऊ लागले होते. पडदा गावाच्या ओसरीवरून दिवाणखान्यात गेला आणि त्यासमोरची मुलेही पांगली.

जेकार्डपासून कासवापर्यंत

संगणकाकडे वळण्यापूर्वी आमच्या धंद्यातील एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. इचलकरंजी असो वा मालेगाव, नक्षीच्या मागाला ‘जेकार्ड’ म्हणतात. हे नाव फ्रान्समधील लियों शहराच्या जोसेफ मारी जकार्ड यांचे. त्यांनी १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्यांवरून नक्षी विणणारा माग तयार केला. कोणता धागा उचलायचा आणि कोणता सोडायचा, याची आज्ञा त्या भोकांतून मागाला मिळे. पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच युक्ती घेतली. यंत्राला आधी आज्ञा लिहून द्यायची आणि मग त्याने काम करायचे, ही संगणकाची मूळ कल्पना विणकराच्या मागावरही होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होऊ नये.

मुलांनी यंत्राला अशी आज्ञा द्यावी, हा विचार १९६७ साली अमेरिकेत प्रत्यक्षात आला. सीमोर पॅपर्ट, सिंथिया सोलोमन आणि वॉली फॉयरझाइग या मंडळींनी ‘लोगो’ नावाची संगणकाची भाषा मुलांसाठी तयार केली. पॅपर्ट मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, गणिताचे जाणकार. मुलांच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास करणारे जिनिव्हाचे ज्याँ पियाजे यांच्यासमवेत त्यांनी काही वर्षे काम केले होते.

लोगोमध्ये एक कासव असते. आरंभी ते जमिनीवर चालणारे यंत्र होते, नंतर ते पडद्यावर आले. शंभर पावले पुढे जा, नव्वद अंश उजवीकडे वळ, आणि हेच चार वेळा कर, अशी आज्ञा दिली की कासव चौकोन काढते. मग त्रिकोण काढायचा ठरतो. त्रिकोणाचा प्रत्येक कोन साठ अंशांचा, म्हणून मुले कासवाला साठ अंश वळायला सांगतात आणि पडद्यावर भलतीच आकृती उमटते. इथे खरी गंमत सुरू होते. एक मूल उठते, स्वतःच कासव होऊन फरशीवर चालू लागते. दुसरे त्याला थांबवते, ‘अरे, तू किती वळलास ते बघ.’ चालणाऱ्याला वळावे लागते ते एकशे वीस अंश, हे त्यांना पायांनी कळते. फळ्यावर दहा वेळा सांगूनही न पटणारी गोष्ट अशी पटली की ती जन्मभर विसरत नाही.

पॅपर्ट यांचे ‘माइंडस्टॉर्म्स’ हे पुस्तक १९८० साली प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी ब्राझीलमधील सांबा नृत्याच्या मंडळांचे उदाहरण घेतले आहे. तिथे लहान मूल, तरुण आणि आजोबा एकाच अंगणात सराव करतात. नवखा आणि वाकबगार एकमेकांशेजारी नाचतात, आणि शिकणे व आनंद यांच्या वेळा वेगळ्या नसतात. गणित असे शिकता आले तर, हा त्यांचा प्रश्न होता. चुकीला ते ‘चूक’ मानत नसत, दुरुस्त करण्याजोगी अडचण मानत. आमच्या पिढीला चुकीबद्दल छडी मिळत असे. त्यामुळे गणितातील चूक ही मित्रांनी मिळून हसत हसत शोधण्याची वस्तू असू शकते, हे वाचून मला या वयात नवल वाटले.

भारतात शालेय संगणक शिक्षणाचा ‘क्लास’ हा प्रकल्प १९८४ साली सुरू झाला. ब्रिटनमधील ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक आरंभी सुमारे २५० शाळांत देण्यात आले. त्या काळी संगणक ही इतकी मोलाची वस्तू होती की त्यावर कापडी आच्छादन घालून खोलीला कुलूप लावण्याकडेच कल असे. चपला बाहेर काढून आत जायचे, हात लावायचा नाही, ही शिस्त अनेकांना आठवत असेल. यंत्र आले होते, परंतु मुलांच्या हाती ते यायचे होते.

कालकाजीची भिंत

ते हाती आले १९९९ साली, आणि शाळेत नव्हे तर रस्त्यावर. दिल्लीतील कालकाजी भागात ‘एनआयआयटी’ या संगणक शिक्षण कंपनीचे कार्यालय होते. त्याच्या आवाराच्या भिंतीपलीकडे झोपडवस्ती. त्या कंपनीत संशोधन करणारे डॉ. सुगत मित्र यांनी २६ जानेवारी १९९९ रोजी त्या भिंतीला भोक पाडून, वस्तीच्या बाजूने वापरता येईल असा एक संगणक बसवला. इंटरनेटची जोडणी दिली. शिकवायला कोणी नाही, सूचनांचा फलक नाही, परीक्षाही नाही.

वस्तीतील मुले जमली. बहुतेकांना इंग्रजी येत नव्हते, कित्येक शाळेतही नियमित जात नव्हती. तरीही काही तासांत मुले पडद्यावरील बाण हलवू लागली आणि काही दिवसांत चित्रे काढणे, खेळ शोधणे, इंटरनेटवर फिरणे त्यांना जमू लागले. या मुलांनी आपले शब्दही आपणच घडवले. पडद्यावरील बाणाला त्यांनी नाव दिले ‘सुई’. थांबायला सांगणाऱ्या वाळूच्या घड्याळाचे चित्र त्यांनी कधी पाहिले नव्हते, म्हणून ते झाले ‘डमरू’. सुईदोऱ्याच्या धंद्यात जन्म घालवलेल्या माणसाला हे वाचून काय वाटले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पुढे मध्य प्रदेशातील शिवपुरी, उत्तर प्रदेशातील मदनतुसी, आपल्या महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्हा आणि इतर अनेक ठिकाणी असे संगणक बसवण्यात आले. २००५ साली मित्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील सतरा ठिकाणच्या निरीक्षणांवर आधारित निबंध प्रसिद्ध केला. सार्वजनिक जागी ठेवलेल्या सामायिक संगणकावर मुले गटाने, शिक्षकावाचून, संगणकाचा प्राथमिक वापर शिकतात, असा त्याचा निष्कर्ष होता. विकास स्वरूप यांच्या ज्या कादंबरीवरून पुढे ‘स्लमडॉग मिलेनियर’ हा चित्रपट निघाला, ती लिहिण्याची प्रेरणा त्यांना याच प्रयोगावरून मिळाली होती.

या साऱ्यांत माझ्या मनावर ठसली ती गटाची रचना. यंत्रावर हात एकाचाच असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन सल्लागार उभे असतात. त्यांच्या मागे आणखी काही मुले, तीही तोंडाने सूचना देत असतात, आणि त्या सूचना बऱ्याचदा चुकीच्या असतात. आश्चर्य असे की मागे उभी राहणारी मुलेही शिकतात. आमच्या दुकानात नवा पोऱ्या असाच तयार होतो. तागा कसा उलगडायचा, मीटर कसा धरायचा, गिऱ्हाइकाला काठपदर कसा दाखवायचा, हे त्याला कोणी पाटीवर लिहून देत नाही. तो कडेला उभा राहून पाहतो, जुना नोकर चुकला की मनातल्या मनात दुरुस्त करतो, आणि एक दिवस स्वतः तागा खांद्यावर घेतो.

कालिकुप्पमची ताई आणि फलटणची शाळा

मुले यंत्रावर स्वतःहून कितपत शिकू शकतील, याची कसोटी मित्र यांनी तमिळनाडूतील कालिकुप्पम या गावी घेतली. तमिळ बोलणाऱ्या, दहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुढे त्यांनी जैवतंत्रज्ञानासारखा कठीण विषय ठेवला, तोही इंग्रजीतून. आपण यात नापास होणार आणि मुले शिकू शकणार नाहीत, हे सिद्ध होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. आरंभी मुलांचे गुण अर्थातच शून्याच्या आसपास होते. दोन महिन्यांनी ते सुमारे तीस टक्क्यांवर गेले.

मग त्यांनी गावातीलच एका बावीस वर्षांच्या तरुणीला विनंती केली. तिला हा विषय येत नव्हता. ती मुलांशी खेळत असे, इतकेच. तिने काय करायचे, तर आजी करते तेच. मुलांच्या मागे उभे राहायचे, ‘अरे वा, हे कसे केलेस? पुन्हा दाखव बघू,’ असे म्हणत राहायचे. आणखी दोन महिन्यांनी गुण पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचले, म्हणजे दिल्लीतील चांगल्या खासगी शाळेच्या बरोबरीला. हा निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. न शिकवता केवळ कौतुकाने जवळ बसणाऱ्या माणसाचे मोल त्यात आकड्यांनी मांडलेले आहे, आणि हिशेबाच्या माणसाला आकडे पटतात.

या अनुभवातून २००९ साली एक सुंदर उपक्रम निघाला. ब्रिटनमधील निवृत्त शिक्षिका आणि इतर स्वयंसेवक इंटरनेटवरून भारतातील मुलांशी गप्पा मारू लागले, त्यांना गोष्टी वाचून दाखवू लागले. त्यासाठी वापरलेले ‘स्काइप’ २०२५ साली बंद झाले, पण दूर बसलेली आजी ही कल्पना टिकून राहिली. २०१३ साली मित्र यांना दहा लाख डॉलरचे ‘टेड’ पारितोषिक मिळाले. त्यातून भारतात आणि इंग्लंडमध्ये काही केंद्रे उभी राहिली. सुंदरबनातील कोराकाटी हे त्यांपैकी एक. दुसरे आपल्या सातारा जिल्ह्यातील फलटणचे, प्रगत शिक्षण संस्थेच्या कमला निंबकर बालभवन या मराठी माध्यमाच्या शाळेत. या संस्थेच्या संस्थापक मॅक्सीन बर्नसन जन्माने अमेरिकन. महाराष्ट्रात येऊन त्या मराठी शिकल्या आणि मराठी शाळेसाठी त्यांनी आयुष्य वेचले.

अशा केंद्रांतील नियम अगदी साधे आहेत. साधारण चार मुलांमागे एक संगणक. मुलांनी आपला गट आपण निवडायचा. गट बदलायची मुभा. दुसऱ्या गटाचे काय चालले आहे, ते डोकावून पाहायची परवानगी. आरंभी एक मोठा प्रश्न द्यायचा आणि शेवटी प्रत्येक गटाने आपले उत्तर सर्वांपुढे सांगायचे. आमच्या वेळी शेजाऱ्याच्या पाटीत डोकावणे हा गुन्हा होता. इथे तोच अभ्यासाचा मार्ग झाला आहे.

दुसरी बाजू

इतिहास लिहायचा तर दुसरी बाजू झाकून चालणार नाही. भिंतीतल्या संगणकावर टीकाही झाली. अमेरिकन अभ्यासक मार्क वॉर्शॉर यांनी दिल्लीत जाऊन पाहिले तेव्हा त्यांना इंटरनेट पुष्कळदा बंद आढळले. मुलांना समजेल असे हिंदीतील साहित्य जवळजवळ नव्हते आणि बहुतेक वेळ खेळ व चित्रे काढण्यात जात होता. पायल अरोरा यांनी उत्तराखंडातील अल्मोडा आणि हवालबाग येथील केंद्रांचा मागोवा घेतला, तेव्हा ती बंद पडलेली होती. त्यांचा निबंधही २०१० सालचाच. यंत्र बसवणे सोपे, पण ते बिघडल्यावर कोणाच्या खात्यावर खर्च टाकायचा, किल्ली कोणाकडे ठेवायची आणि मुलींना तिथे निर्धास्तपणे कसे येता येईल, हे प्रश्न कोणी विचारले नाहीत तर भिंत उरते आणि भोक उरते.

प्रत्येकाला एक

आता माझ्या स्वतःच्या जुन्या मताकडे येतो. ‘प्रत्येकाला एक’ ही घोषणा जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर राबवली गेली ती २००५ सालापासून. अमेरिकेतील निकोलस निग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरमध्ये मुलांसाठी संगणक देण्याची कल्पना मांडली. पॅपर्टही त्यांच्यासोबत होते. हिरव्या-पांढऱ्या रंगाचा, कान उभारल्यासारखे दोन अँटेना असलेला तो छोटा संगणक फार देखणा होता. इंटरनेट नसतानाही जवळजवळचे संगणक आपसांत जोडले जात, जेणेकरून मुलांनी मिळून काम करावे. हेतू उत्तमच होता. भारत सरकारने २००६ साली या योजनेस नकार दिला. तथापि रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट या वाडीतील छोट्या शाळेत २००७ साली वीस-बावीस मुलांना असे संगणक देऊन प्रयोग झाला.

सर्वांत मोठी खरेदी केली ती दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाने. तिथे आठ लाखांहून अधिक संगणक वाटले गेले. ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी करून २०१२ साली अहवाल प्रसिद्ध झाला. मुलांचा संगणकाचा वापर पुष्कळ वाढला होता, तर्कबुद्धीच्या काही चाचण्यांत थोडा फरकही दिसला. परंतु गणितात आणि वाचनात कोणतीही सुधारणा आढळली नाही. आठ लाख यंत्रे वाटली गेली, पण मुलाच्या शेजारी बसणाऱ्या माणसाची तरतूद तेवढ्या जोमाने झाली नव्हती.

परितेवाडी आणि टाळेबंदी

याच्या उलट चित्र सोलापूर जिल्ह्यात दिसते. माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ साली रुजू झाले. पाठ्यपुस्तकातील धड्याशेजारी क्यूआर कोड छापून त्यातून कविता, चित्रफिती आणि स्वाध्याय मुलांपर्यंत पोहोचवण्याची युक्ती त्यांनी वापरली. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे घोषित केले. या युक्तीत यंत्र कोणाचेही चालते, घरातील एक मोबाइलही पुरतो. पुस्तक मुलाच्या हाती राहते आणि शिक्षक वर्गात राहतो.

त्याच २०२० सालाने आपल्या सर्वांना एक धडा फार महाग किमतीत शिकवला. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. माझा नातू तेव्हा चौथीत होता. ‘मुलाचे नुकसान नको’ म्हणून मी पहिल्याच आठवड्यात त्याला नवा टॅब्लेट घेऊन दिला. घरात आर्थिक अडचण नव्हती, इंटरनेट चांगले होते, खोली स्वतंत्र होती. म्हणजे ‘प्रत्येकाला एक’ हे माझे तत्त्व माझ्याच घरात पूर्णपणे अमलात आले होते. सहा महिन्यांनी मी त्याला पाढे विचारले तर तो गप्प राहिला. ‘येत नाहीत’ असेही म्हणाला नाही. दारे लावून घेतलेल्या खोलीत तो वर्गाचा आवाज बंद करून भलतेच खेळ पाहत बसे, हे आम्हाला उशिरा कळले. त्याला मी रागावलो. त्यावर त्याने जे सांगितले ते आजही टोचते. तो म्हणाला, ‘आजोबा, चुकलं तर हसायलाही कोणी नसतं.’

देशभरातील मुलांचे झालेले नुकसान ‘असर’ पाहणीने मोजले आहे. ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ साली सुमारे २७ टक्के होते. २०२२ साली ते सुमारे २० टक्क्यांवर आले. शाळा बंद होती, हे त्याचे कारण सर्वश्रुत आहे. पण शाळा म्हणजे इमारत नव्हे आणि फळाही नव्हे. शेजारच्या बाकावरील मूल हीच शाळा, हे त्या दोन वर्षांत मला कळले.

अभ्यासिकेपुरते नम्र निवेदन

या पन्नास वर्षांचा ताळेबंद मांडला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. उपग्रहाच्या संचासमोर, कासवाच्या मागे चालताना, कालकाजीच्या भिंतीपाशी किंवा फलटणच्या वर्गात, मुले जिथे आनंदाने शिकली तिथे एका पडद्यापुढे अनेक मुले होती, आणि हे शिकणे जिथे खोल गेले व टिकले तिथे जवळ कौतुक करणारे एक माणूस होते. जिथे यंत्र भरपूर आणि माणूस कमी, तिथे यंत्राचा वापर शिकून झाला, पण अभ्यास पुढे गेला नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझी सूचना अशी. अभ्यासिकेसाठी चाळीस नव्हे, दहा यंत्रे घ्यावीत. चार मुलांत एक. यंत्रे मोठ्या पडद्याची असावीत, म्हणजे मागे उभ्या राहणाऱ्यालाही दिसेल. ती खोलीच्या मध्यभागी, दार उघडे ठेवून मांडावीत, म्हणजे मुलींनाही मोकळेपणाने येता येईल. मुलांची पाठ्यपुस्तके शेजारी उघडी असावीत. दात्यांनी देऊ केलेल्या रकमेतून जे वाचेल ते दुरुस्तीसाठी स्वतंत्र निधी म्हणून ठेवावे, कारण यंत्राला घसारा असतो, हे मला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षीच शिकवले होते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपल्या समाजातील ज्येष्ठ भगिनींनी आणि बंधूंनी आठवड्यातून एक तास तिथे येऊन बसावे. संगणक येत नसला तरी चालेल, किंबहुना न येणाराच अधिक उपयोगी ठरेल, कारण त्याला मुले आनंदाने शिकवतील. ‘हे कसे केलेस? पुन्हा दाखव,’ एवढे म्हणता आले की पुरे. या भांडवलाला घसारा लागत नाही. पहिले नाव माझे लिहून घ्यावे. बुधवारी सायंकाळी दुकान लवकर सोडून मी येईन. नातवालाही घेऊन येतो. आता तो चांगलाच मोठा झाला आहे, पण चुकल्यावर हसणारी माणसे त्यालाही हवीच असतील.

पन्नास वर्षांपूर्वी ज्या वडीलधाऱ्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी वर्गणी मागत फिरून हा ट्रस्ट उभा केला, त्यांच्या स्मृतीस वंदन करून हा लेख पूर्ण करतो. लेखात काही न्यून राहिले असल्यास वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी.

जय जिनेन्द्र.